मेडिकलवाल्याने डॉक्टरकी करू नये, हे मान्य करून: फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या सर्व फॅमिली डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

वर्तकनगरात माझं औषधांचं दुकान आहे, २००३ सालापासून. तुमच्यापैकी निदान वीस-बावीस जणांचं अक्षर मी न अडखळता वाचतो. काहींचं तर त्यांच्या कंपाउंडरलाही लागत नाही, तेव्हा तो मला फोन करतो. एवढी ओळख पुरे.

यंदा दिवाळीनंतर एक मुलगी चिठ्ठी घेऊन दुकानात आली. चोवीस-पंचवीसची, रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला नोकरीला जाणारी. चिठ्ठीवर दुखण्याची गोळी, पित्ताची गोळी आणि कॅल्शियम. "इंजेक्शन दवाखान्यातच दिलं काका. तीन दिवस मस्त गेले, आता परत बोटं सुजलीत." सात आठवड्यांतली तिची ही तिसरी चिठ्ठी. पहिली दातांच्या डॉक्टरांची, तोंड आलं होतं म्हणून. दुसरी त्वचेच्या दवाखान्यातली, गालांवरच्या लाल चट्ट्यांसाठी मलम. तीन दवाखाने, तीन आजार, एकाची दुसऱ्याला खबर नाही. तिन्ही कागद एकाच काउंटरवर आले म्हणून मला एकत्र दिसले, यात माझी हुशारी काहीच नाही.

मी तिला एकच विचारलं, "ऑफिसच्या एसीत बोटं पांढरी पडतात का गं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. हो म्हणाली. आधी पांढरी, मग निळसर, मग लाल.

मी आजाराचं नाव घेतलं नाही. औषध बदललं नाही. एवढंच म्हटलं, की हे तिन्ही कागद घेऊन तुझ्या फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि एकत्र दाखव. ती गेली. डॉक्टरांनी कागद परत केले. "मेडिकलवाल्याने डॉक्टरकी करू नये," असं म्हणाले आणि भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवलं. एका लॅबचं 'इम्युनिटी प्रोफाइल', सवलतीत. एवढी शंका असेल तर हे करून घे, म्हणाले.

डॉक्टर, तुमचं पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. मेडिकलवाल्याने डॉक्टरकी करू नये. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितो आहे. एकट्या त्या डॉक्टरांना लिहिलं असतं तर तो दोघांतला वाद झाला असता. पण हीच गोष्ट माझ्या घरात १३ वर्षांपूर्वी घडली आहे, वेगळ्या डॉक्टरांकडे, वेगळ्या भिंतींमध्ये. तेव्हा मी गप्प बसलो होतो.

माझ्या बायकोला ल्युपस आहे, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार. तुम्ही एसएलई म्हणता. निदान झालं सप्टेंबर २०१४ मध्ये, सुरुवात झाली होती जुलै २०१२ मध्ये. मधल्या २ वर्षं २ महिन्यांचे कागद माझ्याकडे आहेत, तारखेप्रमाणे लावलेले. ते असे:

जुलै २०१२. ताप, अंग मोडून येणं, प्लेटलेट ८८ हजार. पावसाळ्यात ठाण्यात पेशी कमी झाल्या की पहिला शब्द डेंग्यू. डेंग्यूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह आली, तरी "व्हायरलच आहे" म्हणून पपईच्या पानांचा रस प्यायला. पेशी वाढल्या, पण पुरत्या नाही. पुन्हा कोणी मोजल्या नाहीत.

डिसेंबर २०१२. दोन्ही हातांची बोटं, मनगटं. सकाळी पोळ्या लाटताना तासभर लाटणं धरवेना. "चिकनगुनिया होऊन गेला असेल, राहते अशी सांधेदुखी." राहते, हेही खोटं नाही.

फेब्रुवारी २०१३. चौथ्या महिन्यात गर्भ गेला. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. "पुन्हा प्रयत्न करा," असं सांगितलं गेलं.

मे २०१३. कोकणातल्या लग्नात दोन दिवस उन्हात वावरली आणि परत येताना दोन्ही गाल आणि नाकाची दांडी लाल. पार्लरवाली म्हणाली वांग आहे, डॉक्टर म्हणाले उन्हाचं आहे. वांग तपकिरी असतो, हा लालसर होता. नाकाच्या कडेपासून ओठाकडे जाते ती घडी मात्र स्वच्छ होती. ती घडी वगळून येणारा डाग ल्युपसचा असू शकतो, हे मला पुढे परळच्या रुग्णालयात शिकवलं गेलं.

जून २०१३. तोंडात टाळूवर फोड, न दुखणारे. दातांच्या डॉक्टरांना दिसले, त्यांनी लिहूनही ठेवले. बी-कॉम्प्लेक्स मी माझ्याच दुकानातून दिलं.

इथे थांबतो आणि एक हिशेब मांडतो. ल्युपसचं वर्गीकरण करायला त्या काळी अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची १९८२ ची, १९९७ मध्ये सुधारलेली यादी वापरात होती. ११ बाबी, त्यांतल्या ४ हव्यात. गालांवरचा चट्टा, तोंडातले व्रण, दोन किंवा अधिक सांध्यांची सूज, १ लाखाखाली प्लेटलेट. जून २०१३ पर्यंत चारही बाबी कागदावर आल्या होत्या. चार वेगळ्या कागदांवर, चार वेगळ्या फायलींत. तुम्ही म्हणाल, अशा याद्या संशोधनासाठी असतात, निदानासाठी नव्हे. ठाऊक आहे. पण यादीने निदान करा असं कोण म्हणतंय? संशय यायला तर ती पुरेशी होती.

त्यानंतर रक्ताच्या तपासणीत ईएसआर ९०च्या वर आला आणि सीआरपी नॉर्मल. दोन्ही शरीरातली सूज दाखवणारे आकडे. "सीआरपी नॉर्मल आहे, म्हणजे काळजीचं नाही," असं ऐकून आम्ही घरी आलो. ल्युपसमध्ये नेमकं असंच पुष्कळदा दिसतं, ईएसआर चढलेला आणि सीआरपी शांत. मग मानेत गाठी आल्या, वजन ६ किलोने उतरलं, संध्याकाळचा बारीक ताप. मार्च २०१४ मध्ये एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू झाली. गाठ काढून तपासली नाही, थुंकी तपासली नाही. एकेटीने लघवी नारिंगी होते, घाबरायचं नाही, असं आम्हाला बजावलं होतं. त्यामुळे लघवीकडे पाहायचंच नाही, हे आम्ही दोघंही शिकलो. तिच्या लघवीला फेस येत होता. सहा महिने येत असावा.

निदान कसं झालं तेही सांगतो, कारण या पत्राचं मूळ तिथे आहे. २०१४ च्या गणपतीत आमचे डॉक्टर गावी गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसत होता, जेमतेम सत्तावीसचा. बायकोचे पाय सुजले म्हणून दाखवायला गेलो. त्याने नडगीवर अंगठा दाबून धरला, खड्डा पडला तो बघितला, आणि विचारलं, "जुने कागद आहेत का? सगळे?" मी दुकानातून पिशवी आणली. त्याने तपासणीच्या पलंगावर एकेक कागद तारखेने मांडायला लावला. बाहेर रांग होती. पंचवीस मिनिटं गेली असतील. मग म्हणाला, "वहिनी, हे सगळं एकच आहे बहुतेक," आणि लघवीची साधी तपासणी लिहून दिली. शंभर रुपयांच्या आतली. प्रोटीन थ्री प्लस, म्हणजे लघवीतून प्रथिनं गळत होती. दुसऱ्याच दिवशी परळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. मूत्रपिंडाची बायॉप्सी, ल्युपस नेफ्रायटिस (ल्युपसने मूत्रपिंडांना आलेली सूज), वर्ग चार.

त्याने तिला बरं केलं नाही. तो तज्ज्ञही नव्हता. त्याने फक्त कागद एका पलंगावर मांडले.

आता माझ्या वाट्याचं. त्या दोन वर्षांत बायकोने दुखण्याच्या ज्या गोळ्या खाल्ल्या, त्या सगळ्या माझ्या फळीवरच्या. रांगेत उभं राहायला नको, पैसे द्यायला नकोत, घरचंच दुकान. मूत्रपिंड आतून सुजत असताना मी तिला मूत्रपिंडावर ताण आणणारी गोळी पाण्याच्या ग्लासासकट हातात देत होतो. म्हणून खाली ज्या तक्रारी करतो आहे, त्या करताना मी कुठल्या उंच ओट्यावर उभा नाही.

आणखी एक, तुमच्या बाजूने. तुमच्या शास्त्रालाच हे मानायला अर्धं शतक लागलं. शरीर आपल्याच अवयवांवर उलटणार नाही, निसर्ग ते होऊ देणार नाही, असं पाउल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मांडलं आणि माणूस एवढा मोठा की त्यांचं म्हणणं पुढे बहुतेकांनी कायदाच मानलं. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पेशी दिसली, दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेली. १९५६ मध्ये नोएल रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांमध्ये त्यांच्याच थायरॉइडविरुद्ध हल्ला घडवून दाखवला. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट आणि डोनियाक यांना हाशिमोटो आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडली. तेव्हा कुठे गाडी हलली. आणि हा हल्ला बहुतेकांच्या शरीरात का होत नाही, त्याला आवर घालणाऱ्या पेशी कोणत्या, या शोधासाठी ब्रन्कॉ, रॅम्सडेल आणि साकागुची यांना नोबेल मिळालं ते यंदा, २०२५ मध्ये. तेव्हा दिवसाला ऐंशी पेशंट तपासणाऱ्या माणसाच्या हातून एक ल्युपस निसटला, तर त्याला गुन्हा म्हणणारा मी कोण? २०२० मध्ये मोठमोठ्या ओपीडी बंद असताना तुमच्यापैकी कित्येकांनी प्लास्टिकचा पडदा लावून दवाखाने उघडे ठेवले, तेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण निसटणं वेगळं आणि कागद न बघता परत करणं वेगळं. तक्रारी त्याबद्दल आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार इंजेक्शनची. सांधे सुजून पेशंट आला की डेक्सा द्यायचं, सोबत पुडीत सुट्ट्या गोळ्या, दोन पांढऱ्या, एक गुलाबी. तीन दिवसांत माणूस नाचायला लागतो. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असं गल्लीत होतं. डॉक्टर, तो गुण स्टेरॉइडचा आहे, आणि तो आजारावर पांघरूण घालतो. नंतर पेशंट तज्ज्ञाकडे पोचतो तेव्हा सूज उतरलेली असते, चट्टा विरलेला असतो, आणि तज्ज्ञ विचारतात, "काय घेत होतात?" पेशंट म्हणतो, "दोन पांढऱ्या, एक गुलाबी." स्टेरॉइड वाईट नाही. माझ्या बायकोची मूत्रपिंडं त्यानेच वाचली. पण ते नाव, मात्रा आणि तारखेसकट कागदावर होतं, आणि कमी करत आणायचं वेळापत्रक होतं. नावं सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत आणि जेनेरिक लिहावीत, हे तुमच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहेच. पुडीवर मात्र काहीच नसतं. माझ्या काउंटरवर लोक ती पुडी उघडून दाखवतात आणि म्हणतात, "ह्यातली गुलाबी द्या."

दुसरी तक्रार प्रश्न न विचारण्याची. सांधा दुखतो म्हटल्यावर सकाळी आखडतो का, किती वेळ, हे विचारायला दहा सेकंद लागतात. झिजेचं दुखणं चालल्यावर वाढतं. सुजेचं दुखणं विश्रांतीनंतर जास्त असतं आणि हालचालीने सैल होतं. हा फरक तुम्हाला मी सांगणं म्हणजे शहाणपणा झाला, पण तो विचारला जात नाही हे मी रोज बघतो. यात पुरुषही सुटत नाहीत. महापे एमआयडीसीतला एक तिशीतला मुलगा चार वर्षं माझ्याकडून कमरेचे पट्टे नेत होता. स्लिप डिस्क म्हणून. पहाटे तीन-साडेतीनला कंबर दुखून जाग येते आणि घरात दोन फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, हे त्याने मला न विचारता सांगितलं होतं, सुट्टे पैसे मोजताना. शेवटी निघालं अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस, मणक्याचा सुजेचा संधिवात. हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं म्हणजे पाठवलं, असं होत नाही. संधिवाततज्ज्ञ हा वेगळा माणूस आहे. हे आमच्या गिऱ्हाइकांना माहीत नसतं हे ठीक, पण तुमच्या चिठ्ठीवरही तेच असतं.

तिसरी, ते पोस्टर. यावर मला राग आहे, म्हणून जपून लिहितो. आधी संशय घ्यायचा नाही, आणि कोणी घेतलाच तर एकदम पन्नास-साठ चाचण्यांचं पॅकेज, ही एकाच नाण्याची दुसरी बाजू आहे. त्या पॅकेजमध्ये एएनए आहे, आपल्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ताची चाचणी. १९९७ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून धडधाकट माणसांची एएनए तपासली होती. १:४० या पातळीला (म्हणजे रक्त चाळीस पट पातळ करून) जवळपास ३२ टक्के पॉझिटिव्ह निघाले, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के. म्हणजे तुमच्या वेटिंग रूममध्ये बसलेल्या तीस निरोगी लोकांची १:४० ला तपासणी केली, तर नऊ-दहा जणांना काहीतरी 'सापडेल'. ते घाबरून माझ्याकडे येतात, रिपोर्ट काउंटरवर पसरतात, नेटवर वाचलेलं सांगतात. आणि ज्या मुलीची बोटं पांढरी पडतात, ती त्या गर्दीत पुन्हा हरवते. ल्युपसच्या २०१९ च्या नव्या वर्गीकरणात १:८० ची एएनए हे फक्त फाटक आहे. आत शिरल्यावर गुण मोजायचे असतात, किमान १० हवेत, आणि त्यांत एक तरी क्लिनिकल बाब हवी, नुसती प्रतिपिंडं चालत नाहीत. सांध्यांना ६, प्लेटलेट कमी असल्या तर ४. माझ्या बायकोचे दहा गुण जुलै २०१२ आणि डिसेंबर २०१२ च्या दोन कागदांवरच भरत होते, एएनए तेवढी कोणी केली नव्हती. आरए फॅक्टर या संधिवाताच्या चाचणीचं तेच, मणक्याच्या संधिवातासाठी करतात त्या एचएलए-बी२७ चं तेच. बी२७ असलेल्या बहुसंख्य लोकांची पाठ आयुष्यभर ठणठणीत असते. चाचणी प्रश्नाचं उत्तर देते. प्रश्न तुम्ही विचारायचा असतो, लॅबच्या सेल्समनने नाही.

'इम्युनिटी' या शब्दाबद्दलही जाता जाता. तो विकून मीही पैसे कमावले आहेत, २०२० मध्ये भरपूर. पण ल्युपसच्या पेशंटची प्रतिकारशक्ती 'वाढवायची' नसते, आवरायची असते. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या मुंबईतल्या ६ रुग्णांची नोंद यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. इजा ऑटोइम्यून धर्तीची होती, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटावी तशी. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद मी सोडवू शकत नाही, पण तेव्हापासून थायरॉइड किंवा संधिवाताची गोळी नेणाऱ्याला मी बूस्टर देत नाही. तुमच्या टेबलावर मात्र त्याचे नमुने अजून असतात. उलट ज्या मुलाची प्रतिकारशक्ती जन्मतःच कमी आहे, वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला आहे, त्यालाही तेच सिरप लिहिलं जातं. तिथे रक्तातली आयजीजी, आयजीए, आयजीएम ही प्रतिपिंडं मोजायला हवीत. हा आजारही १९५२ पासून माहीत आहे, ब्रूटन यांच्यापासून.

चौथी तक्रार जुनी आहे, पण लिहितोच. मार्च २०२०. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ही ल्युपसच्या पेशंटची रोजची गोळी, कोविडवर चालेल अशी हवा झाली. आयसीएमआरने ती फक्त कोविड रुग्णांची काळजी घेणारे आरोग्य कर्मचारी आणि रुग्णांच्या घरातले संपर्कातले लोक यांच्यासाठी सुचवली होती. माझ्या दुकानात तुमच्या चिठ्ठ्या आल्या अख्ख्या कुटुंबांसाठी, साठवणीला म्हणून. २६ मार्चला सरकारने ती शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीची नोंद ठेवूनच विकायच्या औषधांत, टाकली, वेगळं रजिस्टर आलं, पण तोवर फळी रिकामी होती. त्याआधी माझ्याकडे हे औषध नियमित नेणारी पाच माणसं होती, सहावी माझी बायको. मी आठ स्ट्रिप गल्ल्याखालच्या खणात लपवल्या. दुकानदार म्हणून ते चूक की बरोबर, आजही सांगता येत नाही. त्या सहा जणांत वाटून आम्ही दिवसाआड गोळी घेत मे महिना काढला. जूनमध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीने कोविडमध्ये तिचा उपयोग नाही म्हणून जाहीर केलं. तुम्हाला औषधाचं नाव माहीत होतं, डॉक्टर. ज्यांना ते रोज लागतं, ती माणसं तुमच्याच वॉर्डात राहतात, हे माहीत नव्हतं. आजही किती जणांना माहीत आहे? ही गोळी घेणाऱ्याचे डोळे सुरुवातीला आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासायचे असतात, हे त्यांना तुम्ही सांगता की मी?

एकेटीबद्दल वेगळी तक्रार करत नाही. टीबी आपल्याकडे आहे, खूप आहे, आणि संशय आधी टीबीचाच यावा हे योग्यच. फक्त संशयावर सहा महिने काढू नका. गाठ आहे तर सुई घाला, थुंकी आहे तर सीबीनॅट ही टीबीची चाचणी करा. आणि औषध चालू असताना माणूस सुधारण्याऐवजी सुजत असेल, तर थांबून बघा.

आता मागण्या. सोप्या आहेत, एकीलाही यंत्र लागत नाही.

दवाखान्यात दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनचं आणि पुडीतल्या प्रत्येक गोळीचं नाव कागदावर लिहून द्या. स्टेरॉइड असेल तर नक्कीच.

ताप, सांधे, तोंडातले व्रण, केस गळणं, चट्टे, यांतलं काहीही सहा आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळलं किंवा दोन गोष्टी एकत्र आल्या, तर पुढचं औषध लिहिण्याआधी जुने कागद मागवा. दातांचे, त्वचेचे, बाईच्या डॉक्टरांचे, सगळे. आणि चार साध्या तपासण्या लिहा: सीबीसी, ईएसआर, क्रिएटिनिन आणि लघवी. लघवी विसरू नका.

पॅकेजची पोस्टरं उतरवा. एएनए लिहायचीच तर का लिहिली, ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहा. जिला संशयाने पाठवायचं तिला संधिवाततज्ज्ञाकडे, त्या शब्दात, पाठवा.

मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी लिहिताना 'आठवड्यातून एकदाच' हे शब्द वाराच्या नावासकट लिहा. ही मागणी वरच्या तक्रारींत नव्हती. पण गेल्या वर्षी माझ्याकडे एक आजोबा ती रोज घेत असल्याचं अकराव्या दिवशी कळलं. तोंड सोलून निघालं होतं. वाचले.

तुमच्या संघटनांच्या रविवारच्या व्याख्यानांत वर्षातून एक संध्याकाळ या आजारांना द्या आणि आम्हा केमिस्टांनाही मागच्या रांगेत बसू द्या. मिसळीचा आणि चहाचा खर्च आमचा.

आणि मेडिकलवाल्याने पाठवलं म्हणून पेशंटला परत पाठवू नका. माझ्यावर रागवा, मला फोन करून झापा, नंबर तुमच्या सगळ्यांकडे आहे. कागद मात्र बघा.

माझ्याकडून मी हे करतो आहे: १ डिसेंबरपासून माझ्या दुकानात स्टेरॉइडची गोळी चालू चिठ्ठीशिवाय मिळत नाही, ओळखीच्या माणसालाही नाही. रोजच्या गल्ल्यात फरक पडला आहे. दुखण्याच्या गोळ्या तिसऱ्यांदा मागणाऱ्याला मी तुमच्याकडे पाठवतो. गेल्या पंधरवड्यात नऊ जणांना पाठवलं. त्यांतले सहा दुसऱ्या मेडिकलमध्ये गेले.

त्या मुलीने पॅकेज केलं नाही. लघवीची तपासणी मी सुचवायची नव्हती, मी सुचवली नाही. माझ्या बायकोने सुचवली, पेशंट म्हणून. प्रोटीन टू प्लस आलं. परळची तारीख मिळाली आहे, पुढच्या मंगळवारची. मुलीच्या आईला लोकलच्या गर्दीची सवय नाही, म्हणून बायको बरोबर जाणार आहे. आपल्या जुन्या कागदांची पिशवी तिने काल माळ्यावरून काढली, रिकामी केली आणि त्यात त्या मुलीचे कागद तारखेने लावून ठेवले. पहिला सप्टेंबरचा आहे, दातांच्या डॉक्टरांचा.

आपला,
एक औषधविक्रेता
वर्तकनगर, ठाणे
डिसेंबर २०२५